बरं वाटतंय, हाही पुरावाच आहे

एखादा माणूस वर्षानुवर्षं धडधड, घाम आणि झोपमोड यांत काढतो, उपचार घेतो, हळूहळू सावरतो आणि एका संध्याकाळी घरात म्हणतो, ‘आज बरं वाटतंय.’ त्यावर मिळणारी उत्तरं आपल्याकडे जवळजवळ ठरलेली आहेत. ‘असं बोलू नये, दृष्ट लागते.’ ‘आज वाटतंय, पण उद्याचं काय?’ बोलणारा जरा शिकलेला असला तर म्हणतो, ‘गोळीचा परिणाम असेल.’ तिन्ही उत्तरं मायेपोटीच येतात, पण तुझ्या शरीराने दिलेली चांगली बातमी खरी धरू नकोस, असंच तिन्ही त्याला बजावतात. त्याच शरीराने वाईट बातमी दिली होती तेव्हा मात्र ती कुणी नाकारली नाही. तेव्हा रात्री अकराला रिक्षा काढली, ईसीजी केला, थायरॉइड तपासलं, कुणी नारळ उतरवून टाकला. धडधडीला जो मान दिला, तो शांत चाललेल्या नाडीला का नाही? या पक्षपाताचा मला राग आहे आणि तो मला आज नीट मांडायचा आहे.

मी नाहूरला राहते. भांडुप आणि मुलुंड यांच्यामधलं हे स्टेशन. जलद गाडी इथे थांबत नाही, तरी स्टेशनातून बाहेर पडणारा प्रत्येक जण उशीर झाल्यासारखाच चालतो. लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, मेट्रोचे खांब आले आणि घरांची कर्जं वीस-वीस वर्षांची झाली. या पट्ट्यात सतत चिंतेत जगणारी माणसं शोधावी लागत नाहीत. शोधून सापडत नाही तो शांत बसलेला असताना अपराधी न वाटणारा माणूस. मी स्वतः चिंतेच्या आजारातून बाहेर आलेली बाई आहे. त्यामुळे पुढचं काही मी लांबून बघून लिहिलेलं नाही.

आधी समोरची बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडते. ती अशी: शांत वाटणं म्हणजे बेसावध होणं, आणि या शहरात बेसावध माणसाची गय होत नाही. तू काळजी केलीस म्हणून घर उभं राहिलं, मुलं शिकली, आईचं औषधपाणी वेळेवर झालं. आता काळजी सोडलीस तर हे सगळं सांभाळणार कोण? आणि शरीराचं काय ऐकायचं? ज्या शरीराने हृदयविकाराचे खोटे झटके दाखवून तुला दहादा दवाखान्यात नेलं, त्याची आजची ग्वाही तरी खरी कशावरून? भीतीची खबर खोटी निघाली, तर शांततेची खबर खरी मानायला आधार काय?

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात हुशार आहे, म्हणून आधी तोच घेते. त्यात गृहीत असं धरलं आहे की भीतीचा इशारा आणि शांततेची खूण एकाच मापाने मोजायच्या असतात. तसं नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसी यांनी २००१ साली हे नीट उलगडून मांडलं. आमच्याकडच्या नव्या इमारतींत धुराचे अलार्म असतात. कुणाच्या घरी मिरच्यांची फोडणी पडली तरी ते वाजतात आणि मजलाभर लोक दार उघडून बघतात. अलार्म बिघडलेला नसतो, तो मुद्दामच तसा लावलेला असतो. फोडणीला शंभर वेळा वाजला तर त्रास होतो, पण खऱ्या आगीला एकदा वाजला नाही तर माणसं जातात. शरीराची भीतीयंत्रणा अशीच आहे, चुकून वाजण्याकडे मुळातच झुकलेली. दीर्घ चिंतेत तिचा उंबरठा आणखी खाली येतो. म्हणजे खोटे इशारे हा शरीराच्या खोटेपणाचा पुरावा ठरत नाही. इशारा आणि निर्वाळा देण्याच्या रीती वेगळ्या असल्याने एकाच्या चुका दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाहीत.

निर्वाळा कसा येतो ते बघा. भीती चालू असते तेव्हा शरीर पचन मागे ढकलतं, लाळ आटवतं, हातापायांच्या त्वचेकडचं रक्त आखडून घेतं, स्नायू ताणून ठेवतं. भीती ओसरली की ही कामं पुन्हा सुरू होतात. तोंडात ओलावा येतो. बोटं उबदार होतात. जबडा सैल पडतो, खांदे कानांपासून खाली उतरतात. एक लांब उसासा आपोआप सुटतो. पोटात गुरगुर होते, भूक लागते. या खुणा ठरवून आणता येत नाहीत, म्हणून तर त्यांची किंमत जास्त. तोंडाने ‘मी ठीक आहे’ म्हणता येतं, पण थंडगार बोटांना हुकूम सोडून उबदार करता येत नाही.

आणि आपण या खुणांचं काय करतो? इथे मी जरा थांबणार आहे, कारण खरं नुकसान इथेच होतं. चिंतेतून उठलेल्या माणसाला पोट गुरगुरलं की वाटतं, पोट बिघडलं. नाडी संथ झाली की वाटतं, ठोका चुकला. अंग जड आणि सैल झालं की घरचे म्हणतात, ‘बीपी लो झालं असेल’ आणि मीठ-साखरेचं पाणी करून देतात. जांभया आल्या की ‘अशक्तपणा आहे.’ झोप लागता लागता अंगाला हिसका बसतो. पुष्कळ निरोगी माणसांना तो बसतो, पण याला तो झटका वाटतो आणि तो उठून बसतो. आठवडाभराचा ताण रविवारी उतरतो आणि काहींची अर्धशिशी नेमकी तेव्हाच उठते. त्यावरून निष्कर्ष निघतो की आपल्याला आराम मानवत नाही. विश्रांतीची जवळजवळ प्रत्येक खूण अशी आजाराच्या यादीत जाऊन बसली, तर त्या माणसाने बरं झाल्याचं ओळखायचं कशावरून? त्याच्याकडे उरतं काय? ताणलेलं अंग. ते तेवढं ओळखीचं असतं, आणि जे ओळखीचं तेच सुरक्षित वाटतं. म्हणून तो पुन्हा ताणात जातो. त्याला लोक ‘स्वभाव’ म्हणतात.

एक गोष्ट मात्र मान्य करते, कारण ती आमच्या दाराशीच घडली. २०२० च्या जुलैत मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडासच्या जागेवर जम्बो कोविड केंद्र उभं राहिलं. त्या साथीत रक्तातला ऑक्सिजन उतरत असतानाही काही रुग्णांना त्रास जाणवत नव्हता. बरं वाटणं तेव्हा खरोखर फसवं ठरू शकत होतं, आणि बोटाला ऑक्सिमीटर लावा हा डॉक्टरांचा सल्ला योग्य होता. पण तो सल्ला एका आजारासाठी आणि एका काळासाठी होता. साथ गेली, केंद्र उठलं, ऑक्सिमीटर मात्र उशाशी राहिला, त्याच्या जोडीला मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ आलं. शांत बसलेला माणूस दर तासाला आकडा बघून ‘मी शांत आहे का’ असं यंत्राला विचारू लागला. विचारताना ठोके वाढतात, वाढलेले ठोके घड्याळ दाखवतं आणि शांतता खोटी ठरते. साथीच्या काळातला नियम जन्मभराचा करण्याची परवानगी कोणत्या डॉक्टरने दिली होती? छातीत नवी कळ आली, चक्कर आली, वजन उगाच उतरू लागलं तर तपासणी करून घ्यायचीच, त्याबद्दल वाद नाही. पण तपासण्या होऊन गेल्या, डॉक्टरांनी हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं, त्यानंतरचं हे मोजणं चिंतेला खतपाणी घालण्यापलीकडे काही करत नाही.

आता ‘या शहरात बेसावध राहून चालत नाही’ या म्हणण्याकडे वळते. २६ जुलै २००५ चा दाखला यावर नेहमी देतात. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मध्य रेल्वे बंद पडली, माणसं रुळांवरून आणि कमरेभर पाण्यातून चालत घरी आली. तेव्हापासून आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो, असं सांगणारे आमच्या पट्ट्यात किती तरी आहेत, आणि त्यांच्या भीतीचा मी अनादर करत नाही. पण मला सांगा, त्या दिवशी जन्मभर काळजी करणारी माणसं लवकर घरी पोहोचली का? त्यांच्या काळजीने पाणी एक इंचाने तरी कमी चढलं का? पुढच्या पावसाळ्यांत उपयोगी पडली ती खरीखुरी तयारी. महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, आपत्कालीन मदतीसाठी १९१६ हा क्रमांक लोकांच्या तोंडी झाला, भरतीच्या वेळा बघून निघायची सवय लागली. तयारी कागदावर होते, पिशवीत होते, फोनमधल्या क्रमांकांत होते. आवळलेल्या जबड्यात ती होत नाही. आणि गाडीचा हॉर्न अचानक वाजला की शांत माणूसही क्षणात बाजूला उडी मारतो. शांततेने शरीराची ती ताकद जात नाही. उलट, रात्रभर झोपलेला माणूस ती उडी जास्त चांगली मारतो.

याच्याच शेजारी आणखी एक समजूत ठाण मांडून आहे: आधीच काळजी करून ठेवली की पुढे धक्का कमी बसतो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपण तोंडाने म्हणतो आणि नेमकं तेच चिंतणं शहाणपणाचं समजतो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या मिशेल न्यूमन यांनी या समजुतीचा बारकाईने अभ्यास केला आहे. निवांतपणातून एकदम दुःखात पडणं नको, म्हणून काही माणसं कायम थोड्या दुःखात राहणं पसंत करतात, अशी त्यांची मांडणी आहे. त्यांनी आणि ल्युकस लाफ्रेनिअर यांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घ चिंतेचा विकार असलेल्या २९ जणांना आपापल्या काळज्या लिहून ठेवायला सांगितल्या आणि पुढे त्यांतल्या किती खऱ्या झाल्या ते तपासलं. ९१ टक्क्यांहून अधिक खऱ्या झाल्या नाहीत. अभ्यास लहान आहे, त्याचा डंका पिटायचं कारण नाही. पण ज्या धक्क्यांसाठी ही माणसं रोज झिजत होती, त्यांतले बहुतेक आलेच नाहीत, ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. आणि जे आले? आईचं जाणं वीस वर्षं आधीपासून मनात घोळवलं, म्हणून ती गेली तेव्हा कुणाला कमी दुःख झालं? वीस वर्षं आई जिवंत असताना तिच्याजवळ बसायचं मात्र राहून गेलं.

सल्ला देणाऱ्यांचा दुसरा एक वर्ग आहे, तो शांततेच्या बाजूने बोलतो आणि तरी तितकाच त्रास देतो. ‘शवासन कर.’ ‘डोळे मिटून दहा मिनिटं बस.’ ‘चार दिवस कोकणात जाऊन ये, सगळं जाईल.’ शवासनाबद्दल मला आदर आहे. मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून पाहिलं आणि त्याचे निष्कर्ष १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात मांडले. रक्तदाब उतरवण्याच्या उपचारात त्याचा उपयोग त्यांना दिसला. पण बघण्यासारखं हे आहे की निपचित पडणंही रुग्णांना शिकवावं लागलं. आपण ते ‘कर’ म्हणून फेकतो आणि जमलं नाही की दोष माणसाला देतो. १९८३ साली हाइड आणि बोर्कोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की दीर्घ चिंतेत असलेल्या काहींना शिथिल होण्याचा सराव करतानाच चिंता वाढते. कारण उघड आहे. ज्याने वर्षानुवर्षं पहारा दिला, त्याला पहारा सोडण्याचा क्षणच धोक्याचा वाटणार. अशा माणसाने डोळे मिटल्यावर घाबरून उठणं हा त्याच्या निश्चयाचा दुबळेपणा नव्हे. त्याला दहा मिनिटं नकोत, अर्धं मिनिट हवं, तेही डोळे उघडे ठेवून, आणि शेजारी घड्याळ घेऊन उभं राहिलेलं कुणी नको.

कोकणाचंही तसंच. हवापालटाने बरं वाटतं, यात शंका नाही. पण तिथे शिकलेली शांतता इथे आपोआप येत नाही. व्हरमाँट विद्यापीठातले मार्क बूटन यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं. भीती ओसरते तेव्हा जुनी नोंद पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी नोंद होते, आणि ही नवी नोंद ज्या जागी झाली त्या जागेला बांधलेली राहते. गुहागरच्या किनाऱ्यावर सैल पडलेले खांदे नाहूरच्या फलाटावर पुन्हा वर चढतात ते यामुळे. त्यात ना माणसाचा दोष, ना कोकणाचा. नवी नोंद फलाटावरच व्हायला हवी, गाडीची वाट बघताना, गर्दीत, उद्घोषणांच्या आवाजात. मी ती तिथेच केली. बोटं उबदार लागली की मनात एवढंच म्हणायचं, ‘बोटं उबदार आहेत.’ पुढे काही जोडायचं नाही, नाडी तपासायची नाही, ही शांतता टिकेल का असं विचारायचं नाही. ती टिकायचं बंधन नसतंच. ती आत्ताची बातमी आहे, उद्याचं भविष्य तिने सांगितलेलंच नाही. लोक तिला उद्याबद्दल विचारतात आणि उत्तर मिळालं नाही की खोटी ठरवतात.

‘मनावर घे, मन खंबीर कर’ म्हणणाऱ्यांनी तरी आपल्याच शेजारी झालेलं काम बघायला हवं होतं. नाहूरहून दोन स्टेशनं पुढे, ठाण्यात, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्या आणि नाडकर्णींच्या लेखन-अध्यापनातून मराठी घरांत पोहोचली. आपल्या मनातले ‘असंच झालं पाहिजे’ हे हट्ट तपासून बघायचे, हे हजारो मराठी माणसं त्यातून शिकली. मग ‘मी काळजी केलीच पाहिजे’ हा हट्ट अजून कसा सुटला नाही? ‘शांत राहणं धोक्याचं असतं’ हे विधान आपण कधी तपासलं? ते परंपरेने आलं, आजीच्या तोंडून आलं म्हणून त्याला सूट मिळाली. ती सूट काढून घेतली पाहिजे. आणि तपासायचं तर पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे लाळ, भूक, उसासा, झोप. शरीराची साक्ष वगळून केलेला विचार कितीही विवेकनिष्ठ असला तरी अर्धाच राहतो.

राहता राहिला ‘हे पोट भरलेल्यांचे चोचले’ हा टोमणा. तो फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. भांडुपच्या डोंगरउतारावर पावसाळ्यात दरड कोसळेल या भीतीने जागणाऱ्या बाईला संरक्षक भिंत हवी, पक्कं घर हवं, हे मलाही कळतं. शांत राहा असं तिला सांगणं हा तिचा अपमान होईल. पण पाऊस थांबला, ऊन पडलं आणि दुपारी दारात बसल्या बसल्या तिचे डोळे मिटू लागले, तर तो तिचा हक्क नाही का? की गरिबाने भिंत बांधून होईपर्यंत झोपायचंही नाही? विश्रांतीची गरज तिला टॉवरमधल्या माणसापेक्षा जास्त आहे.

माझं म्हणणं आडवळण न घेता सांगते. दीर्घ चिंतेनंतर शरीरावर पुन्हा विश्वास ठेवणं हा उपचाराचा शेवटचा आणि सगळ्यात दुर्लक्षित टप्पा आहे. गोळ्यांनी आणि समुपदेशनाने धडधड थांबते. ती थांबली आहे हे खरं मानायला मात्र वेगळं शिकावं लागतं, आणि ते शिकत असताना भोवतालच्यांनी प्रत्येक शांत क्षणावर शंका घेतली तर शिकणं अर्ध्यावर तुटतं. मनोविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात फेरतपासणीला प्रश्न येतात ते त्रासाचे: झोप किती मोडली, झटके किती आले, गोळी चुकली का. प्रश्न योग्य आहेत, पण अपुरे आहेत. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, तिथे मराठीत बोलता येतं, चोवीस तास. तिथेही माणूस त्रास सांगायलाच फोन करतो, आणि ते बरोबरच आहे.

पण पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्रासाची यादी झाल्यावर उठू नका. शांत कधी वाटलं, कुठे वाटलं आणि ते शरीरात नेमकं कुठे कळलं, हेही सांगा. ‘परवा दुपारी फलाटावर काही मिनिटं हात उबदार होते’ एवढंसं असलं तरी सांगा. आणि ते केसपेपरवर लिहायला लावा.